मंडईच्या दिवशीची सही

कैलाशने ती सूचना दोनदा वाचली, आणि दुकान तसंच उघडं टाकून मोटारसायकलला किक मारली. केशोरीच्या चौकात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचत असे, म्हणून तर ती सापडली. नाहीतर ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत काय छापलंय ते बघायला कोण जातो?

आठ किलोमीटरवरच्या आपल्या गावात, येनटोल्यात, तो पोचला तेव्हा ग्रामपंचायतीसमोर माणसं उन्हाला बसली होती. पौषाचे दिवस. धानाची मळणी उरकलेली, उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाचं पाणी सुटायला अजून अवकाश. कैलाशने गाडीवरूनच मोठ्याने वाचलं: मौजे येनटोला येथे चार जिल्ह्यांतील दवाखान्यांचा व कारखान्यांचा घातक कचरा जाळण्यासाठी भस्मीकरण प्रकल्प प्रस्तावित आहे. नागरिकांनी आपल्या हरकती जनसुनावणीत मांडाव्यात.

"भस्मीकरण मंजे?" हातपंपावरून पाणी नेणाऱ्या देवकाबाईने घागर कमरेवर घेतच विचारलं. "भस्म कोनाचा करून राहिले?"

"आपला, काकू," कैलाश म्हणाला. "तलावाच्या वरची ती मुरमाड जागा नाई का, गेल्या साली कोनी तरी इकत घेतली म्हनत होते? तठीच. भट्टी लागनार हाये. धुराडं लागनार हाये."

तिथे बसलेल्या बारा-पंधरा जणांत एकदम गलका झाला. तलाव म्हणजे गावाचा जीव. मासे त्यातले, शिंगाडा त्यातला, आणि खालच्या साठ-सत्तर एकर बांध्यांना, धानाच्या शेतांना, पाणी त्याचंच. जो तो बोलू लागला. फक्त देवकाबाईचा नवरा खेमराज तेवढा गप्प होता. तो उपसरपंच होता, त्याने पहिल्यांदा बोलायला हवं होतं. पण तो तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा चावायचाही थांबला.

कैलाशने वाचलेल्या शेवटच्या ओळीत होतं, 'ग्रामपंचायतीचे ना-हरकत प्रमाणपत्र प्राप्त.'

ते प्रमाणपत्र खेमराजच्या सहीचं होतं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत सरपंच चंदाताई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या आणि कारभार खेमराजच्या अंगावर आला होता. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. येनटोल्याची मंडई भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी. लेकी-जावई येतात, आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, दुकानं लागतात, दिवसा दंडारीचा नाच-खेळ होतो आणि जेवणं झाल्यावर नाटक. त्या दिवशी सकाळी खेमराज मंचाला बांबू बांधून घेत होता. वडशाहून आलेले नाटकवाले पेट्या घेऊन ग्रामपंचायतीत उतरले होते, जनरेटरचा पत्ता नव्हता, आणि पडद्याचा दोर अपुरा पडला म्हणून तो नुकताच एकावर ओरडला होता. तेवढ्यात गोंदियाचा लीलाधर आला. पांढरा शर्ट, हातात फाइल, बोलणं साखरेच्या पाकातलं.

"काका, बस एक साइन चाहिए. तुमच्या गावाचं कचऱ्याचं शेड मंजूर करून आणलं. आज नाही झालं तो फाइल वापस चली जाएगी."

ओल्या-सुक्या कचऱ्याचं शेड पलीकडच्या गावाला मिळालं होतं, येनटोल्याने दोनदा मागून मिळालं नव्हतं. खेमराजला वाटलं, मंडईच्या दिवशी घरी लक्ष्मी चालून आली. चष्मा घरी होता. त्याने पंचायतीचा शिपाई मंगरू याला हाक मारून शिक्का मागवला आणि लीलाधरच्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून चार ठिकाणी सही केली. सही त्याची देखणी होती. 'ख'ला मोठं पोट, 'ज'ला लांब शेपटी. लीलाधरने तिचं कौतुकही केलं. मग जनरेटर आला आणि खेमराज ती सही विसरून गेला.

विसरला म्हणजे चौदा महिने विसरला. त्या दिवशी कैलाशच्या तोंडून ऐकल्यावर मात्र सीटचं तापलेलं रेक्झिन आणि त्यावर सरकणारा कागदही त्याला आठवला.

तेव्हाच बोलला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण कैलाश म्हणाला, "ज्यानं कोनी हे लिहून देल्लं ना, त्याले गावातून हाकललं पायजे," आणि सगळे हो हो म्हणाले, आणि खेमराजही मान हलवून मोकळा झाला. एकदा मान हलवली की ती परत थांबवणं फार कठीण असतं.

दुसऱ्या दिवशी गावाने समिती केली. अध्यक्ष कैलाश; कारण तो पस्तिशीचा, शिकलेला, चार लोकांत वावरणारा. आणि वडीलधारं माणूस म्हणून खेमराज. हरकतीच्या अर्जावर पहिली सही त्याचीच घेतली गेली. त्याने ती मुद्दाम वेडीवाकडी केली. कैलाश म्हणाला, "काका, थंडीनं हात कापून राहिले का तुमचे?"

रविवारी खेमराजची मुलगी नीतू आली. ती गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्स होती. बायका तिच्याभोवती ओसरीवर गोळा झाल्या आणि तिने त्यांना सगळं नीट उलगडून सांगितलं. दवाखान्यात पट्ट्या, रक्ताचे बोळे, कापून काढलेले अवयव पिवळ्या थैल्यांत भरतात. त्या थैल्या भट्टीत फार मोठ्या तापावर जाळाव्या लागतात. ताप कमी पडला की धुरातून विष निघतं. ते दिसत नाही, वास येतोच असं नाही, पण पाण्यावर बसतं, धानावर बसतं, माशाच्या अंगात जातं.

"मंग जाळूच नोको म्हनाव," देवकाबाई म्हणाली.

"असं नाई जमत, आई. ते थैल्या मीच रोज बांधते. कोठी तरी जाळाच लागते. पन वस्तीपासून दूर, पान्यापासून दूर. अठी तं तलाव भट्टीच्या पायाशी येते. अठी कोनी कशी जागा पाह्यली, तेच मले समजून नाई राहिलं."

मंगळवारी नीतू आणि कैलाश तालुक्याला, अर्जुनी मोरगावला गेले. कंपनीचा अहवाल तिथे लोकांना पाहायला ठेवला होता. चारशे पानं इंग्रजीत, आणि मराठीत एक सारांश. नकाशात तलाव नव्हताच. त्या जागी 'हंगामी नाला' अशी बारीक निळी रेघ होती. आणि सारांशात लिहिलं होतं की येनटोल्याच्या ग्रामसभेने प्रकल्पाला एकमताने संमती दिली आहे. मूळ कागदाची प्रत मात्र तिथे लावलेली नव्हती.

"ग्रामसभा कवा झाली गा?" परत आल्यावर कैलाश पारावर ओरडला. "मी तं एकाही सभेले सुटलो नाई! आन शिक्का? शिक्का कोनाजवळ राह्यते?"

शिक्का मंगरूच्या कपाटात असे. आधीचा ग्रामसेवक बदलून गेला होता, चंदाताईंनी असा कागद पाहिलाच नव्हता, खेमराज तर समितीतला वडीलधारा; राहता राहिला मंगरू. कुणी ठरवून केलं नाही, पण दोन दिवसांत गावाने मंगरूला धरलं. हा कंपनीला विकला गेला. यानेच कोऱ्या कागदावर शिक्का मारून दिला. पिठाच्या गिरणीत त्याच्या बायकोशी कुणी बोलेना. त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, तिकडून निरोप आला की जरा थांबू.

खेमराजला जेवण जाईना. तो मंगरूची वाट चुकवू लागला. पण गाव असतं केवढं? पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी ग्रामपंचायतीत गेला तर मंगरू एकटाच, वाकून झाडू मारत होता.

"मंगरू," खेमराज म्हणाला.

मंगरूने झाडू थांबवला नाही. "मी काही बोललो नाई, काका."

"मले मालूम हाये."

"मोटारसायकलवर ठेवून सह्या केल्या तुमी. मी शिक्का धरून उभा होतो." आता तो सरळ उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच खेमराजला सोसवेना. "मी सांगतलं तं कोन ऐकनार हाये? म्हनतीन, मोठ्या मानसावर ढकलून राहिला. तुमचं तुमी पाहा."

खेमराज तिथून निघाला तो थेट शेतावर गेला. देवकाबाई धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची, तूर कापत होती. तो तिच्याशेजारी जाऊन बसला आणि पायातल्या चपलेकडे बघत सगळं सांगून टाकलं. मंच, जनरेटर, लीलाधर, चष्मा, शेड, चार सह्या.

देवकाबाईच्या हातातला विळा थांबला. ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "चौदा महिने झाले?"

"मले शेड वाटलं ना वं."

"शेड वाटलं ते ठीक हाये. हे पंधरा दिवस काऊन तोंड शिवून बसले?" तिचा आवाज चढला. "त्या मंगरूच्या पोरीचं लगन मोडाची पाळी आली, आन तुमी समितीत बसून चहा पिऊन राहिले?"

"लोकं मले गावातून हाकलतीन."

"हाकलू द्या. माहं माहेर चिखली हाये, तठी राहू." मग तिने विळा पुन्हा चालवला. "सोमवारी सुनावनी हाये. तठी सांगा. सगळ्याईच्या समोर सांगा. माह्या कानात सांगून काय होते?"

"आन माह्या सांगन्यानं आपलीच बाजू पडली तं? सही खरी हाये म्हनून कंपनी नाचनार नाई का?"

खरं तर या एका भीतीच्या आड तो पंधरा दिवस लपला होता. गावाचं नुकसान होईल म्हणून बोलत नाही, असं तो स्वतःला समजावत आला होता. देवकाबाईने तुरीची पेंढी बांधली आणि त्याच्या डोक्यावर दिली. "चला घरी," एवढंच म्हणाली.

सोमवारी शेजारच्या गावच्या शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. टेबलामागे अधिकारी, मधोमध एक बाई अधिकारी, पन्नाशीच्या, मान खाली घालून सगळं टिपून घेणाऱ्या. एका बाजूला कंपनीची माणसं, त्यांच्यात लीलाधर, तसाच पांढऱ्या शर्टात. समोर सात-आठ गावांतले हजारभर लोक. बायका एका बाजूला दाटीवाटीने बसलेल्या.

आधी कंपनीच्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रांत झाडंच झाडं होती आणि मधून एक पांढरंशुभ्र धुराडं, ज्यातून काहीच निघत नव्हतं. मग कैलाश बोलला, आणि चांगलं बोलला. मग नीतू उठली. हातात माईक घेतल्यावर पहिलं वाक्य तिचं अडखळलं, पण पिवळ्या थैल्यांवर आली तशी ती सावरली. तिने अहवालातला नकाशा वर धरला आणि शेजारी तलावाचा फोटो धरला. "मॅडम, हा हंगामी नाला हाये म्हनते. याच्यात बारा महिने पानी राह्यते. आमी याच्यातच पोहाले शिकलो. पाहाले चला, अठून चार किलोमीटर हाये." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कंपनीचे साहेब शांतपणे उठले. "भावना आम्ही समजू शकतो," ते म्हणाले, "पण येनटोल्याच्या ग्रामसभेनेच एकमताने संमती दिलेली आहे. ही त्याची प्रत." आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद टेबलावर ठेवला.

मागून कुणीतरी ओरडलं, "खोटा हाये! मंगरूनं शिक्का मारला! विचारा त्याले!" बघता बघता ती ओरड मांडवभर झाली. मंगरू कडेला खांबाला टेकून उभा होता. दोघा-तिघांनी त्याला दंडाला धरून पुढे ढकललं.

खेमराज उठला. माणसांतून वाट काढत पुढे गेला, आधी मंगरूच्या दंडावरचा हात काढला, आणि माईकजवळ गेला.

"मी खेमराज. येनटोल्याचा उपसरपंच," तो म्हणाला. माईक त्याच्या श्वासाने घुमला. "मंगरूनं काही केलं नाई. त्या कागदावरची सही माही हाये."

मग एकाने मागून विचारलं, "किती खाल्ले?"

"एक पैसा नाई. पन न वाचता सही केली, ते खाल्ल्यावानीच हाये." त्याने लीलाधरकडे हात केला. "ह्या लीलाधरभाऊनं मले सांगतलं, गावाचं ओल्या-सुक्या कचऱ्याचं शेड हाये. माह्याजवळ चष्मा नव्हता. मी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. मंगरूनं माह्या सांगन्यावरून शिक्का मारला. आठ-दहा दिवस झाले, गावानं त्याले बोल लावले आन मी चूप राहिलो. तेची मी सगळ्याईसमोर माफी मांगतो." तो मंगरूकडे वळला आणि त्याने हात जोडले. मंगरू गोंधळून गेला. काय करावं ते न कळून त्यानेही हात जोडले.

कंपनीच्या साहेबांचा चेहरा खुलला. "मॅडम, म्हणजे सही खरी आहे, हे स्वतः उपसरपंचांनी मान्य केलं. आमचं म्हणणं सिद्धच झालं."

कैलाशने डोक्याला हात लावला. खेमराजला वाटलं, झालं. ज्याला भ्यालो तेच झालं.

बाई अधिकाऱ्यांनी कागद पाकिटातून काढला. चष्मा नाकावर ढकलला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग खेमराजला विचारलं, "तुम्ही सही केली त्या दिवशी सभा कुठे भरली होती?"

"कोठची सभा, मॅडम? मी आखरावर मंच बांधून राहिलो होतो."

"इथे लिहिलंय, सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायत भवनात ग्रामसभा झाली. दोनशे बारा ग्रामस्थ हजर होते. प्रकल्पावर दोन तास चर्चा झाली." त्यांनी कागदावरची तारीख मोठ्याने वाचली. "कसला मंच?"

खेमराज तोंड उघडणार तोच बायकांतून देवकाबाईचा आवाज आला. माईकची तिला गरज नव्हती.

"अव मॅडम, त्या दिवशी तं आमची मंडई होती!"

"भाऊबीजेचा तिसरा दिवस!" दुसरी म्हणाली. "माह्या तिनी लेकी आल्या होत्या!"

"अकरा वाजता दंडार चालू झाली होती!"

"ग्रामपंचायतीत तं नाटकवाल्याईचा बिऱ्हाड होता, पेट्या ठेवल्या होत्या! दोनशे मानसं का पेटीत बसली होती?"

आधी बायका हसल्या, मग सगळा मांडव हसला. हसू इतकं पसरलं की टेबलामागच्या एका साहेबांनीही तोंडावर रुमाल धरला. मंडईच्या दिवशी झाडीपट्टीतल्या कुठल्याच गावात सकाळी अकराला दोन तासांची सभा भरत नाही, हे त्या मांडवातल्या पोरालाही कळत होतं. बाई अधिकारी हसल्या नाहीत, पण त्यांनी मंडईची छापील जाहिरात कुणाकडे आहे का विचारलं. कैलाशने फोन काढला. त्याच्या दुकानाचं नाव खाली छापलेलं होतं म्हणून त्याने तिचा फोटो जपून ठेवला होता. तारीख ठसठशीत होती.

"चर्चा कोणी केली, हजेरीवरच्या सह्या कोणाच्या, हे तपासावं लागेल," त्या म्हणाल्या. "उपसरपंचांचं निवेदन शब्दशः नोंदवून घ्या. तलावाचंही." लीलाधर कधी उठून गेला ते कुणी पाहिलं नाही. त्याची खुर्ची मात्र रिकामी होती.

परत येताना खेमराज आणि देवकाबाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. वाटेत खेमराजला एकदम जाणवलं की आपल्याला भूक लागली आहे. साधी नाही, कडकडून. घरी पोचल्यावर त्याने वांग्याच्या भाजीशी तीन वेळा भात घेतला. देवकाबाई वाढत राहिली. "पोट हाये का पोतं?" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

गावाने त्याला हाकललं नाही. पण चुकीची किंमत चुकती झाली. वरून चौकशीची नोटीस आली, त्याआधीच त्याने उपसरपंचपदाचा राजीनामा चंदाताईंच्या हातात दिला होता. जबाब द्यायला तो तीनदा तालुक्याला गेला आणि तिन्ही वेळा चष्मा लावून एकेक ओळ वाचून मगच सही केली. बाबू वैतागला तरी त्याने घाई केली नाही. मंगरूच्या होणाऱ्या व्याह्यांकडे तो स्वतः गेला, मंगरूला घेऊन, आणि जे मांडवात सांगितलं तेच त्यांच्या ओसरीवर पुन्हा सांगितलं. हे सांगणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. फाल्गुनात लग्न लागलं. खेमराजने पंगतीत पाणी वाढलं.

एकटा कैलाश तेवढा बोलेना. समोरून आला तर मोटारसायकल वळवून बाजूने काढी. "त्याचा राग रास्त हाये," खेमराज म्हणे. "त्यानं मले पहिल्या सहीचा मान देल्ला होता." पण त्याला लागत असे. कैलाश लहान असताना त्याचा बाप वारल्यावर खेमराजनेच त्याला चिखलात औत धरायला शिकवलं होतं.

दरम्यान एकदा त्या बाई अधिकारी खरंच तलाव पाहून गेल्या. सोबत दोघे मोजणी करणारे. शिंगाड्याच्या वेलांमधून डोंग्यात बसून ते मध्यापर्यंत गेले. एकाने काठी बुडवून पाहिली तर काठी संपली आणि तळ लागला नाही. "हंगामी नाला," तो स्वतःशीच म्हणाला आणि वहीत लिहिलं. त्यानंतर दोन महिने काहीच कळलं नाही. गावाने अर्ज पाठवले, नीतूने फोन केले, उत्तर एकच, 'विचाराधीन.' त्या जागेभोवती कंपनीने तारेचं कुंपण घातलं तेव्हा लोकांचा धीर सुटायला आला होता.

चैत्र लागला. मोह गळू लागला. देवकाबाई पहाटेच टोपली घेऊन रानात जाई आणि दुपारपर्यंत फुलं वेचत असे. खेमराज उन्हाळी धानाच्या बांधीत तण काढत होता. अकराचा सुमार असेल. तलावाच्या पाळीवरून मोटारसायकलचा आवाज आला. कुणीतरी ती धुऱ्याशी उभी केली, चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलं.

कैलाश होता. त्याने फोन पुढे केला. त्यावर एका पत्राचा फोटो होता. खेमराजने हात बंडीला पुसले, खिशातून चष्मा काढला. पत्र सरकारी मराठीत होतं, लांबलचक. त्याने ओठ हलवत हलवत वाचलं. जागा बारमाही जलाशयालगत व वस्तीपासून अपुऱ्या अंतरावर असल्याने... ग्रामसभेच्या संमतीबाबत सादर केलेली कागदपत्रे विश्वासार्ह नसल्याने... सदर प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे.

'अमान्य' शब्दापाशी तो थांबला. परत मागे जाऊन तीच ओळ वाचली.

"मंजे नाई होनार?" त्याने विचारलं.

"नाई होनार, काका. कंपनीनं बी लिहून देल्लं. दुसरीकडं जागा पाहून राहिले, मोठ्या कारखान्याच्या भागात. नीतूले फोन केला मी. ते म्हने, तठी तरी नीट करोत."

खेमराज धुऱ्यावर मटकन बसला. पाय पाण्यातच होते. छातीतून एक लांब श्वास निघाला, आणि मग तो काही केल्या थांबेना, हसू आणि रडू दोन्ही त्यातूनच आलं. कैलाश शेजारी बसला. पाण्यातल्या रोपांवरून वारा गेला, पलीकडे तलावात कुणीतरी जाळं फेकल्याचा आवाज झाला.

"काकूले सांगा लागन," कैलाश म्हणाला.

"ते रानात हाये. मोह वेचून राहिली."

"मंग मी जातो, सांगतो. कोनत्या अंगाला गेली?"

"नाल्याच्या पल्याड, मोठ्या मोहाखाली. गाडी नाई जात तठी."

कैलाश उठला. चार पावलं जाऊन परत वळला. "उद्या माह्या शेतात धानाची वाळली तनीस ट्रॉलीत भराची हाये, काका. दोन मानसं कमी पडून राहिली. तुमी येनार का?"

"येतो ना," खेमराज म्हणाला. "किती वाजता?"

"सातले."

"सहाले येतो. ऊन लागते मंग."

कैलाश हसला आणि चपला हातात घेऊन रानाच्या दिशेने निघाला. थोड्या वेळाने झाडांमधून देवकाबाईचा आवाज आला, काहीतरी मोठ्याने, आनंदाने ओरडलेलं, शब्द कळले नाहीत. खेमराज पुन्हा वाकला आणि राहिलेलं तण काढू लागला.